गिलावा होईल तेव्हा होईल, उजेड आजच हवा

वर्कशॉपचं बांधकाम बहुतेकांचं एकाच ठिकाणी अडतं. विटा रचून होतात, छप्पर चढतं, वायरी ओढून होतात आणि मग पैसा किंवा उत्साह, दोन्हींपैकी काहीतरी संपतं. यंत्रं तोवर आत येऊन बसलेली असतात. मग उघड्या विटांच्या किंवा करड्या ब्लॉकच्या भिंतींमध्येच काम सुरू होतं, आणि चार ट्यूब लावूनही खोली गुहेसारखी वाटते. पाचवी ट्यूब आणायच्या आधी एकदा भिंतींकडे बघा.

पांढरा मॅट रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के उजेड खोलीत परत पाठवतो. उघडं सिमेंट ३० टक्क्यांच्या आसपास पाठवतं, लाल वीट २० ते ३०, आणि धूळ-काजळी बसलेली भिंत त्याहूनही कमी. बाकीचा उजेड भिंत गिळते, विजेचं बिल मात्र तुम्ही भरता. परत आलेला उजेड समोरच्या भिंतीवर आपटून पुन्हा परततो, म्हणून फरक वाटतो त्यापेक्षा मोठा पडतो. खोलीतल्या सगळ्या पृष्ठभागांची सरासरी ३० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेली, तर त्याच दिव्यांत उजेड कागदावर सुमारे पावणेदोन पट होतो. प्रत्यक्षात कपाटं, यंत्रं आणि काळपट जमीन आपला वाटा खातात, त्यामुळे तेवढा हाती येत नाही. तरी जो येतो तो जवळजवळ फुकटात येतो.

आधी एक प्रश्न: या भिंतीचं पुढे काय होणार आहे?

तात्पुरता उपाय निवडताना लोक किंमत बघतात. मी आधी भिंतीचं भविष्य बघतो, कारण आज वाचवलेले पैसे उद्या खरवडण्यात जाऊ शकतात.

वर्षभरात गिलावा करायचाच असेल, तर भिंतीला काहीही फासू नका. गिलावा उघड्या, खरबरीत, पाणी पिणाऱ्या विटेला धरतो. मध्ये चुन्याचा किंवा रंगाचा थर आला की गिलावा त्या थराला धरतो आणि थर भिंतीला नीट धरत नाही. मग दोन-तीन वर्षांनी टकटक करून बघावं तर आतून पोकळ आवाज येतो. अशा भिंतीला फक्त टांगता, काढता येणारा उपाय.

पुढे लाकडी पट्ट्या ठोकून वरून प्लायवूड किंवा बोर्ड बसवायचा असेल, तर काहीही चालेल. सगळं झाकलंच जाणार आहे.

आणि ‘बघू पुढे’ असं उत्तर असेल, जे बहुतेकांचं असतं, तर चुना. खरं सांगायचं तर ‘तात्पुरता’ म्हणून मारलेला चुना दहा वर्षं टिकलेला मी पाहिला आहे, आणि मालक अजून तो तात्पुरताच म्हणतो.

कुठे उजळवायचं: सगळी खोली नको

चारही भिंती वरपासून खालपर्यंत पांढऱ्या करायची गरज नसते. कंबरेच्या खालचा भाग तसाही फळ्या, बादल्या आणि यंत्रांच्या मागे दडतो. माझा क्रम असा: पहिली वर्कबेंचमागची भिंत, दुसरं छत, तिसरी खिडकीसमोरची भिंत. बाकी सगळं नंतर.

बेंचमागची भिंत पहिली का, ते करून बघण्यासारखं आहे. व्हाइसमध्ये (बेंचवरच्या शिकंज्यात) गडद लाकडाचा तुकडा धरा आणि त्याच्या तुमच्याकडच्या उभ्या बाजूवर टोच्याने रेघ मारा. डोक्यामागच्या दिव्यात तुमचीच सावली तिच्यावर पडते आणि रेघ दिसत नाही. आता एक मोठा पांढरा कार्डशीट व्हाइसच्या बाजूला उभा धरा आणि हळूहळू तिरका करत जा. एका कोनात रेघ एकदम उठून दिसते, तिचा खोलगट काठसुद्धा दिसतो. दिवा तोच, जागा तीच. फक्त बाजूने उजेड आला. बेंचमागची आणि बेंचशेजारची पांढरी भिंत हेच काम दिवसभर करत राहते.

छताचा फायदा दिव्यावर अवलंबून आहे. उघड्या ट्यूबचा उजेड वरही जातो, त्यामुळे पांढरं छत तो खाली परत पाठवतं. सपाट एलईडी पॅनेल मात्र फक्त खालीच फेकतं, त्याच्या वरचं छत काळं राहिलं तरी फारसं बिघडत नाही. तुमच्याकडे सगळी पॅनेलच असतील तर छताचा नंबर शेवटी लावा.

पायरी पहिली: मोजून ठेवा

फोनवर लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं एकक) मोजायचं कुठलंही मोफत ॲप घ्या. त्याचा आकडा अचूक नसतो, पण ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना करायला पुरतो. रात्री, बाहेरचा उजेड नसताना, फोन बेंचवर उताणा ठेवून आकडा घ्या. मग व्हाइसजवळ उभा धरून दुसरा घ्या. जागा खडूने खुणावून ठेवा. ढोबळमानाने जाडंभरडं काम ३०० लक्सवर निभतं, मापं घेणं आणि यंत्रावर कापणं यासाठी ५०० हवेत, बारीक जोडकामाला ७५० किंवा जास्त.

पायरी दुसरी: झाडलोट

ही पायरी सगळे गाळतात आणि मग पांढरं केलेलं करडं दिसतं. वरून खाली या: छताची कोळिष्टकं, मग ट्यूब आणि त्यांची कव्हरं (दिवे बंद करून, गार झाल्यावर, कोरड्या फडक्याने), खिडक्यांच्या काचा, शेवटी भिंत. नुसत्या काचा आणि ट्यूब पुसून आकडा किती वाढला ते आधी मोजा. कधीकधी तिथेच काम संपतं.

विटांवर पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसत असेल तर ती कोरड्या ताठ ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतली तर क्षार पुन्हा विटेत शिरतात आणि वाळल्यावर परत बाहेर येतात. लोणा पुन्हापुन्हा येत असेल तर भिंतीत कुठूनतरी पाणी येतंय. ते बंद होईपर्यंत तिथे कुठलाही थर टिकणार नाही.

एक सक्त मनाई. जुनी शेड असेल आणि भिंती किंवा छप्पर नालीदार सिमेंटच्या पत्र्याचं असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. अशा पत्र्याला तारेचा ब्रश, सँडपेपर, ड्रिल काहीही लावू नका, झाडूही नको. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. त्या भिंतीपुढे स्वतंत्र चौकट उभी करून तिच्यावर पांढरं लावा.

टांगायचे उपाय

सर्वांत स्वस्त म्हणजे जुनी पांढरी चादर, पण तिच्यात एक फसगत आहे. पातळ कापडातून उजेड आरपार जातो, मागच्या काळ्या भिंतीवर पडतो आणि तिथेच संपतो. घरात पांढरीशुभ्र वाटणारी चादर विटेवर टांगली की मळकट दिसते ती यामुळे. चादरीमागे हात धरा. बोटांची सावली दिसली तर ती दुहेरी करा.

जाहिरातींच्या जुन्या फ्लेक्सची मागची बाजू पुष्कळदा पांढरी असते. कापडापेक्षा ती जास्त अपारदर्शक असते, पुसता येते आणि धूळ कमी धरते. काहींची पाठ मात्र करडी किंवा काळी असते, तेव्हा आणण्याआधी उलटून बघा. चकचकीत बाजू पुढे येऊ देऊ नका.

वर्कबेंचमागे मात्र कापड, फ्लेक्स काही नको. तिथे एका बाजूने पांढरा असलेला हार्डबोर्ड किंवा पांढऱ्या लॅमिनेटचा उरलेला तुकडा लावा. त्यावर पेन्सिलने मापं लिहिता येतात, खिळे मारून हत्यारं टांगता येतात, पडलेला स्क्रू मागे हरवत नाही. मोठ्या कपाटांच्या पाठीला हाच बोर्ड असतो, म्हणून मोडीत निघालेलं कपाट दिसलं तर त्याची पाठ मागून घ्यावी.

ॲल्युमिनियम फॉइलचा मोह बऱ्याच जणांना होतो, मलाही झाला होता. चमकतं म्हणजे जास्त उजेड देतं, हा हिशेब चुकीचा. फॉइल आरशासारखी वागते: उजेड पसरवण्याऐवजी ट्यूबची सुरकुतलेली प्रतिबिंबं थेट डोळ्यात मारते. दोन संध्याकाळी डोळे चुरचुरले आणि मी ती उतरवली. शिवाय ती विजेची वाहक आहे. सैल वायरीजवळ तिचं काय काम?

थर्माकोल तर आणूच नका. तो उष्णतेने मऊ होऊन वितळतो आणि पेटला की जळते थेंब खाली गाळतो.

आता टांगायचं कसं. खिळ्यांनी चादर भिंतीला ठोकली की ती आठ दिवसांत झोळीसारखी लोंबते. त्याऐवजी तार ताणा:

१. छतापासून वीतभर खाली, भिंतीच्या दोन्ही टोकांना एकेक हुक बसवा. भोक विटेत पाडण्यापेक्षा दोन विटांमधल्या दर्जेत पाडा. उद्या हुक काढला की सिमेंटच्या मसाल्याचा एक गोळा भरून ते बुजतं.

२. दोन्ही हुकांत जाड तार ओढा आणि एका टोकाला टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रूचा जोड) लावा. हाताने कितीही ओढली तरी तार सैल पडते, टर्नबकलने ती तंतूसारखी ताणता येते. भिंत चार मीटरपेक्षा लांब असेल तर मध्ये एक हुक वाढवा.

३. तशीच दुसरी तार खाली, कंबरेच्या उंचीवर. खालची तार सगळ्यांना अनावश्यक वाटते आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. मोकळं फडफडणारं कापड ड्रिलच्या चकमध्ये किंवा लेथच्या फिरत्या भागात गुंतलं तर ते कापडाबरोबर तुमचा हातही ओढू शकतं.

४. वरची कड तारेवर दुमडून क्लिपा लावा किंवा टाके घाला, मग खालची कड ताणून खालच्या तारेला बांधा.

५. कापड आणि भिंत यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळू द्या. प्लास्टिक भिंतीला चिकटून बसलं की मागे ओल साचते आणि बुरशी धरते. महिन्यातून एकदा कड उचलून मागे नाक लावा. कुबट वास आला तर उतरवा.

स्विचबोर्ड आणि मेन स्विच कधीही झाकू नका. त्यांच्यासमोर एक मीटर जागा उघडी हवी. अपघातात माणूस पडदा बाजूला सारत बसत नाही.

चादर महिन्या-दोन महिन्यांनी उतरवून बाहेर झटका. सुतारकामाची बारीक धूळ कापडात बसते, कापड पिवळं पडतं, आणि ती धूळ पेट घेणारी असते.

चुना

‘चुना लावणं’ या शब्दांना आपल्याकडे वाईट अर्थ चिकटला आहे, पण उघड्या विटेला चुन्याइतका प्रामाणिक आणि स्वस्त रंग दुसरा नाही. तो जळत नाही, भिंतीला श्वास घेऊ देतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कडक होतो. वीट, ब्लॉक, दगड अशा पाणी पिणाऱ्या पृष्ठभागावर तो धरतो. ऑइलपेंटवर, पत्र्यावर, गुळगुळीत लाकडावर धरत नाही. खात्री करायची तर भिंतीवर पाणी शिंपडा: मिनिटभरात मुरलं तर चुना मारा, ओघळून खाली आलं तर सोडून द्या.

आधी संरक्षण. भिजलेल्या चुन्याचा पीएच १२ च्या वर असतो. कातडी भाजते, आणि डोळ्यात उडाला तर नजर जाऊ शकते. बंद गॉगल आणि रबरी हातमोजे घालूनच बादलीला हात लावा. डोळ्यात गेलाच तर वाहत्या पाण्याने किमान १५ ते २० मिनिटं धुवा आणि तडक डॉक्टर गाठा. कळीचा चुना आणून तो स्वतः विझवायच्या भानगडीत पडू नका. तो पाण्यात उकळतो, उसळतो. विझवलेल्या चुन्याची पावडर घ्या. ॲल्युमिनियमची बादली वापरू नका, चुना ती खातो. त्याच कारणाने ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या चौकटी कागदाने झाका. काचेवर पडलेले थेंब लगेच पुसा.

प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्या आणि त्यात पावडर थोडी थोडी सोडून ढवळा. उलटं केलं तर पावडर तोंडावर उडते. दह्यासारखं झालं की झाकून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी घालून दुधाइतकं पातळ करा आणि जुन्या कापडातून गाळा.

दुधाइतकं म्हणजे खरोखर दुधाइतकं. माझी पहिली भिंत इथेच बिघडली. भिंत ओली केली, पहिला हात मारला आणि काहीच दिसेना; विटा जशाच्या तशा लाल, वर नुसता धुरकट ओलावा. वाटलं, पाणी जास्त झालं. म्हणून बादलीत आणखी दोन डबे पावडर ओतली आणि साईसारखा जाड थर फासला. दुसऱ्या दिवशी भिंत झकास पांढरी. चौथ्या दिवशी तिला बारीक भेगा, आणि पंधरवड्यात नखाएवढे पोपडे बेंचवर गळायला लागले. ओला चुना पारदर्शकच दिसतो, तो वाळताना पांढरा होतो. पहिल्या हातानंतर घाबरायचं नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं.

क्रम असा: भिंतीवर पाणी मारा, पण पाणी ओघळत असताना नाही, ओल मुरल्यावर. रुंद, राठ ब्रशने चुना उभा-आडवा घासत जा, विशेषतः दर्जांमध्ये. दर पाच मिनिटांनी बादली ढवळा, चुना तळाशी बसतो. पूर्ण एक दिवस वाळू द्या. दुसऱ्या हाताआधी भिंत पुन्हा हलकी ओली करा. लाल विटेला तीन हात लागतात, करड्या ब्लॉकला पुष्कळदा दोन पुरतात. कडक उन्हात किंवा पंख्याच्या झोतात चुना घाईने वाळला तर तो कडक होत नाही, हाताला पीठ लागत राहतं.

चुन्यात मीठ घालायचा सल्ला जुने लोक देतात, कारण मिठाने ओल धरून राहते आणि चुना सावकाश वाळतो. गोठ्याला ठीक आहे. ज्या खोलीत पटाशा, रंधे आणि लेथ आहेत तिथे मीठ नको, लोखंडाला गंज चढतो. नीळ चिमूटभर घातली तर चालते. ती चुन्याची पिवळसर झाक घालवते आणि भिंत डोळ्यांना जास्त पांढरी वाटते. प्रत्यक्षात उजेड किंचित कमीच परततो, म्हणून चिमूट ओलांडू नका.

चुन्याचा एक त्रास कायम राहतो: भिंतीला पाठ टेकली की शर्ट पांढरा. बसायच्या-टेकायच्या जागी बोर्ड लावून टाका.

डिस्टेंपर आणि पातळ इमल्शन

पाण्यात कालवायचा साधा कोरडा डिस्टेंपर म्हणजे मुख्यतः खडू आणि सरस. तो पाण्याने निघतो, आणि घरात हा दोष असला तरी तात्पुरत्या कामात गुण आहे. पुढेमागे गिलावा करायचा झाला तर ओला ब्रश घासून बराचसा उतरवता येतो. ओल येणाऱ्या भिंतीला तो उपयोगाचा नाही.

इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा तयार रंग) आधीच घरात उरलेलं असेल तरच वापरा. वेगवेगळ्या डब्यांतले पांढरे आणि पांढरट उरलेले रंग एकत्र करून गाळून घेतले तरी चालतात, फक्त पाण्याचे पाण्याच्यात. ऑइलपेंट त्यात मिसळू नका. पहिला हात निम्म्याच्या आसपास पाणी घालून द्या, म्हणजे तो विटेत मुरतो. गुळगुळीत भिंतीवर एका लिटरमध्ये एक हात सुमारे १० चौरस मीटर होतो, उघड्या ब्लॉकवर त्याच्या निम्मा धरा. मॅटच घ्या. रंग निळा-हिरवा असेल तर तो मोह टाळा. रंगीत भिंतीवरून परतलेला उजेडही रंगीत होतो आणि लाकडाला दिलेलं पॉलिश दारात नेल्यावर वेगळंच दिसतं.

पत्र्याची शेड

पत्र्यावर चुना पोपडतो. नव्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर साधा ऑइलपेंटही टिकत नाही. जस्ताशी त्याची रासायनिक क्रिया होऊन मधे साबणासारखा थर बनतो आणि रंग सालपटासारखा निघतो. प्रायमर, मग रंग, हे सगळं तात्पुरत्या उपायाच्या बाहेर जातं. पत्रा लोखंडी असेल तर छोटी ताकदवान चुंबकं घेऊन पांढरे बोर्ड त्यांनी चिकटवा. भोक नको, खिळा नको. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला चुंबक धरणार नाही, तिथे तारेची पद्धत.

ठिणग्यांची बाजू

ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालतं त्या भिंतीला कापड, कागद, पुठ्ठा, फ्लेक्स यांतलं काहीही नको. वेल्डिंगपासून ३५ फूट, म्हणजे सुमारे ११ मीटरच्या आत जळणारी वस्तू उघडी ठेवू नये असा सुरक्षेचा ठोकताळा आहे. आपल्या वर्कशॉपची लांबीच तेवढी नसते. म्हणजे वेल्डिंग करणार असाल तर टांगलेलं सगळं आधी उतरवा, किंवा मुळातच त्या खोलीत चुना मारा. ठिणगी कापडाच्या घडीत तासभर नुसती धुमसत राहू शकते आणि तुम्ही कुलूप लावून गेल्यावर पेटते.

वेल्डिंगच्या कोपऱ्यात आणखी एक बारकावा आहे. वेल्डिंगच्या आर्कमधून (प्रखर विद्युत ज्योतीतून) निघणारे अतिनील किरणही भिंतीवरून परततात आणि मागून हेल्मेटच्या आत शिरतात. फॉइल किंवा चकचकीत पत्रा तिथे सर्वांत वाईट. टायटॅनियम डायऑक्साइड असलेला साधा मॅट पांढरा रंग डोळ्याला दिसणारा उजेड परत पाठवतो, पण अतिनील किरण बरेचसे शोषून घेतो. तो एवढा एकच कोपरा इमल्शनने रंगवायला हरकत नाही.

शेवटी दिवे हलवा

भिंती पांढऱ्या झाल्यावर दिव्यांच्या जुन्या जागा चुकीच्या ठरतात. बेंचवरची ट्यूब तुमच्या डोक्यामागे असेल तर ती पुढे सरकवा, बेंचच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर किंवा किंचित भिंतीकडे. पांढरी भिंत उजेड मागून भरून काढते आणि हाताची सावली मऊ होते. एखादा सुटा दिवा असेल तर तो पांढऱ्या कोपऱ्याकडे तोंड करून लावून बघा. थेट कामावर रोखलेल्या दिव्यापेक्षा पुष्कळदा तो बरा पडतो. खडूच्या खुणांवर फोन ठेवून रात्री पुन्हा आकडे घ्या. बेंचवरचा आकडा वाढला पण उभा धरलेला वाढला नाही, तर बेंचशेजारची बाजूची भिंत राहिली आहे असं समजा.

आणि गवंडी खरोखरच येणार असं ठरलं, तर आदल्या आठवड्यात तारा आणि हुक काढा, भोकं बुजवा. चुना मारला असेल तर तारेच्या ब्रशने (आणि तोंडाला मास्क लावून) तो सुटेल तेवढा खरवडा, भिंत धुवा, आणि गवंड्याला आधीच सांगा की खाली चुना होता. तो विटेला टाचे (खाचा) मारून घेईल. हार्डबोर्ड जपून काढा. बेंचमागे, नव्या गिलाव्यावरही, तो परत लागणारच आहे.